नुकसान माझंही, गाडीचंही

साहेबांनी परत दिलेल्या त्या कागदावर सात लाल गोल होते. शेवटचा गोल इतक्यांदा गिरवलेला, की कागद फाटायचाच बाकी होता. मूळ जबाब अगदी साधा होता. हिंगण्याकडे ट्रॅक्टरने मोटरसायकलला धडक दिली होती आणि फिर्यादीने सांगितलं होतं, "या अपघातात माझे व माझ्या गाडीचे नुकसान झाले." मी इंग्रजीत लिहिलं होतं, आय अँड माय व्हेइकल वेअर डॅमेज्ड.

"फिर्यादीचा बंपर तुटला का, ताई?" साहेबांनी विचारलं. मुन्शीजी हसले. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

मी अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. बाबा लोको शेडमध्ये फिटर. शाळा मराठी, बी.ए. मराठीत, टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पास. २०२२ च्या उन्हाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. काम टायपिंगचंच होतं. पण तालुक्याच्या ठाण्यातून येणारी फिर्याद, पंचनामा, जबाब सगळं मराठीत आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातला युक्तिवाद इंग्रजीत, त्यामुळे मधे कुणीतरी भाषांतराला बसावं लागतं. आधीचे गृहस्थ सोडून गेले आणि ते काम हळूहळू माझ्या टेबलावर सरकलं. पगार तेवढाच राहिला, हे जाता जाता सांगते.

फौजदारी कागदात शब्द दोनच घराण्यांचे असतात. कुणाला तरी काहीतरी लागलेलं असतं, आणि कुणावर तरी त्याचा दोष ठेवलेला असतो. म्हणजे इजा आणि दोष. ही दोन घराणी इंग्रजीत ओळखायला मला अडीच-तीन वर्षं लागली.

सुरुवात चुकीची केली. सीताबर्डीच्या फुटपाथवरून बँकेच्या परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात हार्म, हर्ट, डॅमेज, इंजुरी, वूंड, इम्पेअर एका ओळीत आणि समोर एकच अर्थ: इजा करणे, नुकसान करणे. महिनाभर रोज वीस शब्द पाठ केले. गोल सातावरून नवावर गेले. समानार्थी शब्द म्हणून जे छापतात ते सख्खे भाऊ असतात खरे, पण एकाचा शर्ट दुसऱ्याला होत नाही.

मग दोनशे पानी रजिस्टर घेतलं आणि शब्दांऐवजी प्रश्न लिहिला: कोणाला लागलं? पहिलं पान वस्तूंचं. गाडी, भिंत, बोअरची मोटर, उभं पीक यांना डॅमेज होतं. दुसरं पान शरीराचं. अपघातात, पडून, मशीनमध्ये हात सापडून माणूस इन्जर्ड होतो. शस्त्राने, गोळीने झालं तर वूंडेड. (हा शब्द मी पहिले सहा महिने 'वाउंड' म्हणत होते. वाउंड म्हणजे गुंडाळलं. चाकूने गुंडाळलेला माणूस!) नजर, ऐकू येणं, हाताची पकड अशी एखादी शक्ती कमी झाली तर इम्पेअर. हार्म मात्र सगळ्या पानांवर. शरीर, नाव, धंदा, हवा-पाणी, कशालाही होतो, पण तो मोजता येत नाही. गाडीचं डॅमेज मेकॅनिक सांगतो, पायाची इंजुरी डॉक्टर सांगतो, हार्म किती झाला हे सांगायला वकील लागतो.

'नुकसान' या आपल्या शब्दाने मला सगळ्यात जास्त छळलं. हा शब्द आपल्याकडे फार पोटाचा आहे, काहीही मावतं त्यात. ते सुटलं संत्र्यावरून. काटोलकडच्या एका शेतकऱ्याचा विम्याचा दावा होता. अर्जात एकाच पानावर 'नुकसान' अकरा वेळा. गारपिटीने आंबिया बहाराच्या फळांना मार बसला, ते नुकसान. व्यापाऱ्याने भाव पाडला, ते नुकसान. आणि शेवटी, "नुकसान मिळावे ही विनंती." साहेबांनी तीन रंगांचे पेन दिले आणि म्हणाले, वेगळे करा. फळाला झालं ते डॅमेज. शेतकऱ्याच्या खिशाला झालं ते लॉस. आणि त्याला जे मिळायला हवं ते डॅमेजेस, अनेकवचनी, म्हणजे भरपाई. एक एस लागला की खड्ड्याचा ढीग होतो. दिवाणी दाव्यात 'ही सफर्ड डॅमेजेस' असं लिहिलं, तर माणसाला भरपाईचाच त्रास झाला असं दिसतं.

त्यातच चौथं पिल्लू म्हणजे 'डॅमरेज'. बाबांचे मित्र मालधक्क्यावर होते, त्यांच्या तोंडी हा शब्द रोजचा. मला लहानपणापासून वाटायचं, माल तुटला की डॅमरेज लागतं. ते डेमरेज आहे. वॅगन वेळेत रिकामी केली नाही म्हणून भरायचा दंड. मूळ फ्रेंच शब्द थांबण्याचा. डॅमेजशी नातं कानापुरतं.

खरं नातं दुसरीकडे निघालं. लॅटिनमध्ये 'डॅम्नम' म्हणजे तोटा. त्यातून डॅमेज, त्यातूनच इन्डेम्निटी. वारसांकडून बँक जो इन्डेम्निटी बाँड लिहून घेते ना, तो 'आमचा तोटा होऊ देणार नाही' एवढंच म्हणत असतो. त्यातूनच शिवीतला डॅम (धरणाचा नाही), आणि त्यातूनच कंडेम. कंडेमवर पुढे येतेच.

कायद्याच्या पानांनी रजिस्टर पुन्हा विस्कटलं. भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा. ती १८६० साली मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू. त्यातले शब्द बोलीतल्यासारखे दिसतात आणि तसे नसतात. बोलण्यातलं इंग्रजी इंजुरी शरीराची मानतं आणि हर्ट शरीराचं, मनाचं, दोन्हीचं. 'आय ॲम हर्ट' म्हणजे बहुतेक वेळा मन दुखावलंय. संहितेत नेमकं उलटं. हर्ट म्हणजे फक्त शारीरिक वेदना, रोग किंवा अशक्तपणा, मराठीत 'दुखापत'. आणि इंजुरी म्हणजे शरीर, मन, लौकिक, मालमत्ता यांतल्या कशालाही बेकायदेशीरपणे पोचवलेला अपाय. त्यामुळे "आरोपीच्या बोलण्याने माझे मन दुखावले" याचं मी 'कॉज्ड हर्ट' केलं, तेव्हा मी भलत्याच कलमात शिरले होते. मिस्चिफ तर आणखी फसवा. घरी आपण पोराच्या मस्तीला मिस्चिफ म्हणतो. संहितेत तो दुसऱ्याच्या मालमत्तेची मुद्दाम नासधूस करण्याचा गुन्हा. मराठी प्रतीत त्याला 'आगळीक' म्हटलंय. सरकारी भाषांतरकारांना आपण उठसूट नावं ठेवतो, पण 'आगळीक' आणि धमकीच्या कलमातलं 'फौजदारीपात्र धाकदपटशा' ज्याने लिहिलं त्याला माझा नमस्कार.

दुखापत आणि जबर दुखापत यांतली रेघ शिकायला मेयो आणि मेडिकल या सरकारी दवाखान्यांचे दाखले वाचावे लागले. जबर दुखापतीचे आठ प्रकार कायद्यातच मोजून दिलेत. डोळा, कान, अवयव गेला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, हाड किंवा दात मोडला, असे. म्हणजे पाठीवर काठीचे वीस वळ उठले तरी ती साधी दुखापत ठरू शकते आणि एक दात तुटला की जबर. फिर्यादीला हे पटवणं हे वेगळंच काम आहे, ते सुदैवाने माझं नाही.

दाखल्यात डॉक्टर सहसा जखमेचं नाव लिहितात आणि त्या नावावर कलम हलतं. खरचटलं तर ॲब्रेजन. बोथट वस्तूने कातडी फाटली तर लॅसरेशन. धारदार पात्याने सरळ चिरली तर इन्साइज्ड वूंड. मी दोन्हींना एका जबाबात 'कट' लिहून मोकळी झाले होते. साहेबांनी टेबलावरची पट्टी आणि पेपर कापायची सुरी दोन्ही समोर ठेवल्या. "पट्टीने डोकं फुटलं की सुरीने चिरलं? हत्यार धारदार म्हटलं की कलम वेगळं, शिक्षा वेगळी. तुमच्या एका 'कट'ने पोराला जास्तीची वर्षं जेलात पाठवाल."

आणि 'मुका मार'. त्याच्याइतका सुंदर शब्द या सगळ्या कागदांत दुसरा नाही. रक्त नाही, जखम नाही, आतल्या आत दुखतंय आणि बोलत नाही. पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याचं 'डंब बीटिंग' केलं होतं, म्हणजे मूर्ख मारहाण. ऑफिसात आठवडाभर ते चाललं. चहा उशिरा आला तरी पोऱ्याला "डंब बीटिंग देऊ का बे" म्हणायचे. दाखल्यात त्याला कंट्यूजन म्हणतात. अर्थ बरोबर आहे, पण मुकेपणा गेला.

एक चूक मात्र हसण्यावारी गेली नाही. एका बाईंची तक्रार होती. "पती दारू पिऊन शिवीगाळ करीत असे." मी लिहिलं, हर हजबंड युज्ड टु अब्यूज हर. आपल्याकडच्या पोलिसी इंग्रजीत अब्यूज म्हणजे शिव्याच, 'अब्यूज्ड इन फिल्दी लँग्वेज' हे वाक्य ठाण्याठाण्यांत सापडतं. त्या बाईंची बहीण परदेशात असते. तिने तो इंग्रजी कागद वाचला आणि रात्री अकराला इकडे फोन करून रडली, "एवढं होत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस?" तिकडे नुसतं अब्यूज म्हटलं की मारहाण, अत्याचार, लहान मुलांच्या बाबतीत तर त्याहून भयंकर, असंच मनात येतं. दुसऱ्या दिवशी त्या बाई ऑफिसात येऊन बसल्या. रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ताई, माझ्या बहिणीला फोन करून सांगा, त्यानं हात कधी उचलला नाही." मी फोन केला. तेव्हापासून 'व्हर्बली' शब्द लावल्याशिवाय अब्यूज लिहिला नाही, आणि शिवी कागदात जशी असेल तशीच देते, पुढे भाषांतर.

दोष ठेवण्याच्या शब्दांकडे मी उशिरा वळले. आपल्याकडे त्यांची केवढी श्रीमंती! खडसावणं, झापणं, फटकारणं, कानउघाडणी, हजेरी घेणं, खरडपट्टी काढणं, ताशेरे ओढणं. वर्तमानपत्रं वाचून वाढलेली मी, हायकोर्टाने अधिकाऱ्यांना फटकारले या ओळीचं मी 'हायकोर्ट स्लॅम्ड' केलं. साहेब म्हणाले, "इथे बातमी लिहून नाही राहिलो आपण." स्लॅम मथळ्यातलं. कोर्ट ॲडमॉनिश करतं म्हणजे समज देतं, रेप्रिमांड करतं म्हणजे अधिकाराने खडसावतं, आणि ताशेरे म्हणजे स्ट्रिक्चर्स. निकालात एक शब्द वारंवार यायचा, डेप्रिकेट. 'वुई डेप्रिकेट धिस प्रॅक्टिस.' मी तो डेप्रिशिएट वाचत होते, आणि वाटत होतं की न्यायमूर्ती त्या प्रथेवर घसारा काय म्हणून लावून राहिले?

डिनाउन्स आणि कंडेम यांतला फरक कोशाने नाही, मारबतीने शिकवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत काळी आणि पिवळी मारबत (बाईचे मोठे पुतळे) निघते, तिच्यामागे बडगे (पुरुषांचे पुतळे). "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" बडग्याच्या गळ्यात पाटी असते. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, एखादा पुढारी, वर्षभर ज्याच्यावर राग साचला तो. २०२३ च्या मिरवणुकीत गर्दीत उभी राहून मी एकेका पाटीचं मनात भाषांतर करत होते, आणि लक्षात आलं, हे कंडेम नाही. इथे कुणी निकाल देत नाहीये. चारचौघांत, भर रस्त्यात, नाव घेऊन ओरडून सांगणं, हे डिनाउन्स. थंडीत अधिवेशनाला मोर्चे येतात, त्यांच्या फलकावरचा 'जाहीर निषेध' तो कंडेम. त्यात ठरवून टाकलेलं असतं की हे वाईटच. आणि आत सभागृहात जो निंदाव्यंजक ठराव येतो तो सेन्शर. तो करायला खुर्ची लागते. यशवंत स्टेडियमवरून मोर्चात निघालेला माणूस सेन्शर करू शकत नाही.

शब्दयोगी शेपट्यांसाठी मात्र अक्कल चालली नाही, पाढाच करावा लागला. ब्लेम फॉर, अक्यूज ऑफ, चार्ज विथ, कन्व्हिक्ट ऑफ, सेन्टेन्स टू. पोळ्या लाटताना म्हणायचे. मुलगा तिसरीत होता, त्याचाही पाठ झाला. आपला 'आरोपी' शब्दही इथे अपुरा पडतो. पकडल्यापासून शिक्षा भोगेपर्यंत लोकांच्या तोंडी तो आरोपीच. इंग्रजीत नुसता संशय असेल तर सस्पेक्ट, आरोप ठेवला की अक्यूज्ड, दोष सिद्ध झाला की कन्व्हिक्ट. कारागृहाच्या मराठीत मात्र 'न्यायाधीन बंदी' आणि 'सिद्धदोष बंदी' असे नीट वेगळे शब्द आहेत.

१ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि पाठ केलेले आकडे पाण्यात गेले. दुखापतीच्या ३२३ चं ११५(२) झालं, धमकीच्या ५०६ चं ३५१, अब्रुनुकसानीचं ५०० जाऊन ३५६. मुन्शीजी अजूनही "चारशेवीस" म्हणतात, ३१८(४) म्हणून शिवी देता येत नाही ना. शब्द मात्र तेच राहिले. जबर दुखापतीच्या आठव्या प्रकारात माणूस वीस दिवस असह्य वेदनेत किंवा रोजची कामं करायला असमर्थ असावा लागायचा, तिथे आता पंधरा दिवस झाले, एवढं रजिस्टरात खोडून लिहिलं.

आता कंडेम. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावलेल्या एका माणसाच्या घरच्यांचा मराठी अर्ज होता, त्यात 'फाशीचा कैदी' असं लिहिलेलं. मला शब्द माहीत होता, जरा ऐटीतच लिहिलं, कंडेम्ड प्रिझनर. गोल आला. बऱ्याच महिन्यांनी आला होता, म्हणून मी भांडायलाच गेले.

साहेबांनी खुर्ची पुढे केली. म्हणाले, सत्र न्यायालयाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. याचं प्रकरण अजून तिथे आहे. १९७८ च्या सुनील बत्रा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, अपील, दयेचा अर्ज, सगळे दरवाजे बंद होऊन शिक्षा अंतिम होईपर्यंत माणूस कायद्याच्या अर्थाने 'फाशीखालचा कैदी' होत नाही, त्याला तसं एकट्याला वेगळं कोंडून ठेवता येत नाही. "आपणच आपल्या कागदात त्याला कंडेम्ड लिहायचं का? कन्व्हिक्ट लिहा. पुढे लिहा, शिक्षा कायम होण्याच्या प्रतीक्षेत."

संध्याकाळी माहेरी गेले. बाबा अंगणात कूलरचं काम करत होते. पंप बदलला, खस बदलला, तरी पत्रा तळाशी गळत होता. "कंडम झाला आता हा," आई आतून म्हणाली. आमच्या घरात हा शब्द मीठ-तिखटासारखा. कंडम सायकल, कंडम छत्री, परीक्षेत नापास झालेला मामाचा पोरगा कंडम. इतकी वर्षं मला तो मराठीच वाटत होता. मी बाबांना सांगितलं, हा तुमचा कंडम म्हणजे इंग्रजीतला कंडेम, आणि आज त्याच्यावरूनच मला लाल गोल मिळाला.

बाबांनी पाना खाली ठेवला. "कंडम म्हंजे मोडलं असं नाई, बाई. डबा चालत असन तरी कंडम होते. अन् मोडून पडला असन तरी होत नाई. साहेब लोक येतेत, पाह्यतेत, कागदावर सही करतेत, तवा कंडम. मंग त्याच्यावर रंगानं लिवतेत. सहीच्या आधी कोनं लिवलं तर त्याले मेमो."

मग मी त्या माणसाचं सांगितलं. नाव नाही सांगितलं, फक्त तो कुठे आहे ते. वर्धा रोडवरचं सेंट्रल जेल आमच्या क्वार्टरपासून फार लांब नाही. त्याच्या भिंतीशेजारून बाबांनी कित्येक वर्षं सायकलने ड्यूटी केली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. कूलरमधून ठिबकणारं पाणी पायाने बाजूला सारत राहिले.

"मंग याच्यावर कोना-कोनाची सही बाकी हाये?"

"हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींची," मी म्हटलं. "मग सुप्रीम कोर्ट. मग दयेचा अर्ज केला तर राज्यपाल, राष्ट्रपती."

"लय सह्या हायेत मंग," बाबा म्हणाले, आणि एम-सील मळायला बसले.